चार इंच वजा

मी माणूस मुळात कडक आहे. हे फारसं कोणाला माहीत नाही, कारण कडकपणा दाखवायची वेळ यायची तेव्हा नेमका मी चहा प्यायला गेलेलो असायचो. पण एकदा ठरवलं की ठरवलं. मामांना कामावरून काढायचं हेही मी असंच ठरवलं होतं. एकदा नव्हे, गेली कित्येक वर्षं अधूनमधून ठरवतच होतो.

आमचं पडद्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि कापडाची ठाणं, मागे शिलाईची मशीन, आणि तिच्याही मागे अस्तराच्या गुंडाळ्या ठेवायची एक खोली, जिच्यात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरून बोलावं. दुकान चालवायला चार माणसं. मी मालक. ताई शिवतात. दांडीवाला भिंतीला भोकं पाडून पडद्याच्या दांड्या बसवतो आणि कोणाशी बोलत नाही. ड्रिलच्या आवाजात उमर गेल्यामुळे त्याला बोलणं हा प्रकार अनावश्यक वाटतो. आणि मामा घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घेतात. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजेच माझे मामेसासरे. ज्याने मामेसासऱ्याला कधी पगारावर ठेवलेलं नाही, त्याने मला शहाणपण शिकवायच्या भानगडीत पडू नये.

मामांची माप घ्यायची टेप कापडी आहे. तिचे पहिले चार इंच फार पूर्वी इस्त्रीखाली जळाले. म्हणजे टेप सुरूच होते ती चारच्या आकड्यापासून. खिडकीला लावली की येईल त्या आकड्यातून चार वजा करायचे, एवढं सोपं आहे. पण मामा खिडकीशी एकदा वजा करत, मग घरातल्या माणसांशी गप्पा मारत, मुलं काय करतात, म्हातारीचे गुडघे कसे आहेत याची चौकशी करत, आणि दुकानात येऊन आकडा सांगताना आठवणीने पुन्हा चार वजा करत. पडदा चार इंच वर लटके. मी त्यांना नवी टेप आणून दिली. त्या टेपमधूनही ते सवयीने चार वजा करायला लागले. मग एकदा, आपण फार वजा करतो असं वाटून, त्यांनी आठवडाभर काहीच वजा केलं नाही, तेही जुन्या टेपवर, आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी पडदे जमिनीवर लोळले.

हे सगळं निस्तरायच्या ताई. पडदा परत आला की उसवायचा, खाली पट्टी जोडायची, नाहीतर दुमड मोडून पुन्हा घालायची. ताई बोलत नसत. फक्त उसवताना टरटर असा आवाज येई, आणि तो माझ्याकडे तोंड करून काढलेला असे.

गोष्ट हाताबाहेर गेली ती दातांच्या डॉक्टरांमुळे. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बाकं, आत खुर्ची, मध्ये आमचा पडदा. पडदा चार इंच आखूड. खुर्ची जरा ठेंगणी असल्याने बाकांवर बसलेल्या माणसांना आतल्या पेशंटचं बाकी काही दिसत नसे, फक्त पाय दिसत. आणि दाढ काढताना माणसाचे पाय काय काय करतात हे मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. बोटं पसरतात, मग आवळतात, मग एक चप्पल गळून पडते. पहिल्याच सकाळी बाकावरचे तीन पेशंट एकेक करून उठले आणि दाढदुखीसकट घरी गेले. डॉक्टरांनी मला फोन केला. ते दातांचे डॉक्टर असल्यामुळे फार तोंड उघडून बोलले.

तो पडदा परत आला त्या दिवशी ताईंनी उसवायला घेतला नाही. घडी करून माझ्या काउंटरवर ठेवला.

"साहेब, हा महिना मी आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा महिना तुमच्यावर आहे. मामा माप घेणार असतील तर मी येणार नाही. मी इथे शिवायला आले होते, उसवायला नाही."

ताई गेल्या तर दुकान गेलं, हे मला माहीत होतं. पडदे काय, कापड कोणीही विकतो. आमच्याकडे लोक येतात ते ताईंच्या चुण्यांसाठी. तेव्हा मी तिथल्या तिथे, चहाला न जाता, ठरवलं. मामांना काढायचं.

घरी बायकोला सांगितलं. आपल्या मामांचं नाव ऐकून ती भडकेल अशी तयारी ठेवली होती. ती भडकली नाही, आणि तेच जास्त अवघड झालं.

"काढा की," ती म्हणाली. "मी कुठे अडवलंय? फक्त मी सांगितलं असं म्हणू नका. आईच्या कानावर जाता कामा नये. आणि मामाला वाईट वाटता कामा नये."

"कामावरून काढलं तर माणसाला वाईट वाटणारच ना."

"ते तुम्ही बघा. मालक तुम्ही आहात."

आमच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाला माझा मित्र आहे आणि त्याला कुठल्याही विषयात सल्ला देता येतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक एकदा चष्मा घेऊन गेलं की दोन वर्षं येत नाही, त्यामुळे विचार करायला त्याला वेळ असतो.

"काढायचं नसतं," तो चष्म्याची काच फडक्याने पुसत म्हणाला. "त्याने आपणहून जावं असं करायचं असतं. त्याचं काम काढून घे. दारात स्टुलावर बसव. कंटाळून आठवड्यात जातो की नाही बघ. मोठमोठ्या कंपन्यांत असंच करतात."

मोठमोठ्या कंपन्यांचं नाव घेतलं की मी विरघळतो. दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हणालो, "मामा, किती दगदग करता. काही दिवस दारात बसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवा."

मामांचे डोळे भरून आले. "जावईबापू," ते म्हणाले, "माझे गुडघे दुखतात हे तुम्हाला कसं कळलं? मी तर घरात पण बोललो नव्हतो."

मापं घ्यायला मी दांडीवाल्याला पाठवू लागलो. तो न बोलता जाई आणि न बोलता येई, आणि आकडाही त्याच्या तोंडून ओढून काढावा लागे. इकडे मामा स्टुलावर रमले. सकाळी तिथे कोवळं ऊन येतं. मामांना बोलायला गिऱ्हाइकं मिळाली. मी काउंटरमागून ऐकत असे.

"खिडकी कुठल्या दिशेला आहे म्हणालात? मग छान उजेड येत असेल. पडदा कशाला लावता? उजेड बाहेर ठेवायला पैसे घालवायचे म्हणजे कमाल आहे."

एक बाई तर उंबरठ्यावरूनच परत गेली, आणि जाताना मामांना नमस्कार करून गेली. आठवडा झाला. मामा कंटाळले नाहीत. उलट घरून बसायला उशी घेऊन आले.

मग मी कायद्याच्या मार्गाने जायचं ठरवलं. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक वकील बसतात. जिना असा आहे की वर पोचेपर्यंत माणूस कुठलीही तडजोड मान्य करतो. वकिलांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेमणूकपत्र आणलंय?"

"कोणाचं?"

"ज्यांना काढायचंय त्यांचं."

नेमणूकपत्र कसलं असणार? दुकान काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, माझा भाऊ रिकामाच आहे. दुसऱ्या दिवशी मामा टेप गळ्यात घालून दारात उभे. झाली नेमणूक.

"मग अवघड आहे," वकील म्हणाले. "कागदावर हा माणूस तुमच्याकडे नाहीच. नसलेल्या माणसाला काढणार कसं? आधी त्यांना रीतसर नेमा. मग कामात सुधारणा करा म्हणून लेखी समज द्या. मग नोटीस. असं पायरीपायरीने जायचं."

ते पायरीपायरीने म्हणाले तेव्हा मला त्यांचा जिनाच डोळ्यांसमोर आला. पण माझा निश्चय पक्का होता. मामांना काढण्यासाठी मी त्यांना नेमायचं ठरवलं.

नेमणूकपत्र चांगल्या जाड कागदावर छापून घेतलं, खाली सही, शिक्का. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. मग त्यांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली. ताईंनी आपल्या वाटचं बिस्कीट मशीनच्या कडेला ठेवलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या बायकोऐवजी माझ्याशी बोलल्या.

"जावई असावा तर असा," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला या वयात कायम केलंत. मी सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्यांना?"

"आत्याबाईंना पण," त्या म्हणाल्या. आत्याबाईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

पुढची पायरी लेखी समज. ती लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या मसुद्यात 'आपण कामात अत्यंत हलगर्जी आहात' असं होतं. ते खोडून 'आपल्या कामात त्रुटी आहेत' केलं. मग मामा लग्नात माझ्या चपला सांभाळत उभे होते ते आठवलं, आणि ते 'आपल्याकडून आम्हाला याहून अधिक अपेक्षा आहेत' असं झालं. बायकोने वाचून पाहिलं आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' घालायला लावलं.

मामांनी ते वाचलं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, उशी स्टुलावरून उचलली आणि ताईंच्या मशीनशेजारी खुर्ची ओढून बसले.

"जावईबापूंची माझ्याकडून जास्त अपेक्षा आहे," ते ताईंना म्हणाले. "तेव्हा आजपासून शिलाईकडे पण मीच बघतो. त्या चुण्या जरा विरळ घेत जा. कापड वाचतं."

ताईंनी मशीन थांबवली. मामांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. महिना संपायला आला होता, आणि मी आत्तापर्यंत काढायच्या माणसाला आधी आराम दिला होता, मग कायम केलं होतं, आणि आता बढती दिली होती.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. त्या वेळी ती फार बुद्धिमान वाटली. माणसाला जा म्हणणं अवघड, पण गेलेल्या माणसाला निरोप देणं सोपं. कधीही कुठेही निरोप समारंभ झाल्यावर तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आल्याचं ऐकिवात नाही. समारंभ करून टाकायचा. चार चांगले शब्द बोलायचे, भेटवस्तू द्यायची. समारंभाच्या ओघात मामा आपोआप निवृत्त होतील आणि मला तोंडाने काही म्हणावंच लागणार नाही. सासूबाईंनासुद्धा बोलावता आलं असतं, इतकं ते सभ्य होतं.

मी दांडीवाल्याला आणि ताईंना बोलावलं. मामा स्वतःच येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर नाव कसं घेणार? मी खाली टेबलाकडे बघत म्हणालो, "शनिवारी दुकान बंद झाल्यावर छोटासा कार्यक्रम ठेवू. आपल्यातल्या एका जुन्या माणसाला आता आरामाची गरज आहे. निरोप म्हणजे कधी ना कधी यायचाच." नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी पाणी प्यायला गेलो.

त्या दिवसापासून सगळे माझ्याशी विचित्र वागू लागले. दांडीवाल्याने आपणहून मला खुर्ची आणून दिली. मामा सगळ्या तयारीचे प्रमुख झाले. मला कामाला हात लावू देईनात. "तुम्ही बसा, जावईबापू. आता तुम्ही फक्त बसायचं." चष्मेवाल्याने माझा हात हातात घेऊन, तब्येतीपुढे काही नाही, असं सांगितलं. मला वाटलं, मामांना काढायचं म्हणून मी किती खंगलोय हे या लोकांना दिसतंय. बरं वाटलं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं. काउंटरवर चादर, तिच्यावर चहाचा थर्मास. मागे उरलेल्या निळ्या कापडावर कापून चिकटवलेली अक्षरं होती. कापडाचं माप मामांनी घेतलं असल्यामुळे 'निरोप समारंभ' मधला 'भ' कापडावर मावला नव्हता, तो बाजूच्या भिंतीवर लावला होता. सासूबाई नव्हत्या, पण बायको आली होती आणि ती माझ्याकडे असं बघत होती की मी तिच्यापासून काहीतरी लपवलंय. मधली खुर्ची सजवलेली होती. मी मामांना म्हणालो, "या, बसा."

मामांनी माझे खांदे धरले आणि त्या खुर्चीवर मलाच बसवलं.

मी उठायला गेलो तर दांडीवाल्याने मागून हात ठेवला. त्याचा हात म्हणजे ड्रिलचा हात. मामा समोर उभे राहून बोलू लागले.

"जावईबापू आज दुकानातून निवृत्त होताहेत," ते म्हणाले, "आणि मला काय बोलावं सुचत नाही. या माणसाने मला एवढ्या वर्षांत एक उणा शब्द ऐकवला नाही. माझी मापं चुकायची. मला काय ते कळत नव्हतं? ताई उसवायच्या तो आवाज मला दारापर्यंत ऐकू यायचा. रोज सकाळी दुकानाकडे येताना घशाला कोरड पडायची. वाटायचं, आज बोलतील. आज नक्की काढतील. ते काही बोलायचे नाहीत. मग मी म्हणायचो, चला, आजचा दिवस गेला. असे सगळे दिवस गेले. एवढा सांभाळून घेणारा माणूस मी बघितला नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. रोज सकाळी घशाला कोरड. मी आत चहा पीत, आपण किती भले आहोत असं मनाशी म्हणत बसलेलो असायचो, आणि हा म्हातारा माणूस बाहेर रोज फाशीची वाट बघत यायचा. मला फार वाईट वाटलं. ते वाईट वाटणं नेहमीसारखं गोड नव्हतं.

मामांनी मला एक भिंतीवरचं घड्याळ आणि गुडघ्याला शेकायची रबरी पिशवी दिली. मग ताई पुढे आल्या. त्यांनी काही दिलं नाही. वाकून, मला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, एका माणसाला नाही म्हणायला नको, म्हणून तुम्ही दुकान सोडून निघालात?"

मी उठलो. दांडीवाल्याचा हात होता, तरी उठलो. घड्याळ खुर्चीवर ठेवलं आणि म्हणालो, "मामा, जरा आत या."

अस्तराच्या खोलीत आम्ही दोघंच, समोरासमोर, इतके जवळ की मामांच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता. तिथे चहा नव्हता, पाणी नव्हतं, बघायला टेबल नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मामा, मी कुठे जात नाहीये. हा कार्यक्रम तुमच्यासाठी होता. तुमच्याकडून मापाचं काम नीट होत नाही. पुढच्या महिन्यापासून तुम्ही कामाला येऊ नका."

बोलून झालं. छत कोसळलं नाही. मामा हळूच एका गुंडाळीवर बसले. ती लवंडायला लागली तशी मी पायाने अडवून धरली.

"हे आज ठरवलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. फार आधी."

"किती आधी?"

"सांगायला लाज वाटते इतकं आधी."

मामांनी टेपचं जळकं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग त्यांचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तो कोपऱ्यावरचा फर्निचरवाला मला बोलावत होता. गिऱ्हाइकाशी बोलायला माणूस हवा होता त्याला. नुसतं बोलायला. मी म्हटलं, नको, जावईबापूंना काय वाटेल. त्याला आता दुसरा माणूस मिळाला. तेव्हा सांगितलं असतंत तर चार दिवस रागावलो असतो आणि तिकडे गेलो असतो. मला सांभाळलंत म्हणे. मला नाही सांभाळलंत. स्वतःला सांभाळलंत."

मी म्हणालो, "चुकलं माझं, मामा. पण निर्णय तोच आहे." हे दुसरं वाक्य उच्चारताना माझे पाय, त्या दवाखान्यातल्या खुर्चीवरच्या माणसांचे होतात तसे, बुटात आवळले गेले होते. पण वाक्य पूर्ण केलं.

"आणि ताईला काय सांगणार?" म्हणजे त्यांची बहीण, माझ्या सासूबाई.

"मी सांगतो."

"नको," मामा उठत म्हणाले. "मीच सांगतो. तुम्ही सांगायला गेलात तर तिला वाटेल तुम्हीच वारलात."

ते बाहेर गेले. मी मागोमाग. मामांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, सजवलेल्या खुर्चीवरचं घड्याळ उचलून मांडीवर घेतलं आणि स्वतः तिथे बसले.

"मंडळी, जरा घोटाळा झाला," ते म्हणाले. "माप चुकलं. निवृत्त मी होतोय. मघाचं माझं भाषण रद्द समजा. आता जावईबापू बोलतील, आणि यावेळी नीट बोलतील."

बायकोने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, दोन्ही. मी बोललो. मामांनी एकाही गिऱ्हाइकाच्या घरच्या म्हातारीची चौकशी करायची कधी सोडली नाही, असं म्हणालो. त्यांची मापं चुकायची हेही म्हणालो, कारण आता ते लपवण्यात अर्थ नव्हता. मामांनी मान डोलावली. रबरी पिशवी मात्र त्यांनी मला परत केली. म्हणाले, "तुम्हालाही लागेल, वाकून मापं घ्यायला लागाल तेव्हा." आणि गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली.

मामा पुढे सहा-सात दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाई अजून बोलत नाहीत; त्यांनी आत्याबाईंना दुसऱ्यांदा फोन केला असावा. आठव्या दिवशी मामा शेजारच्या चष्मेवाल्याकडे कामाला लागले. तुझ्यासारख्याला जमलं नाही, मला माणसं वापरता येतात, असं चष्मेवाला मला ऐकवून गेला. पंधरवड्याने तो पुन्हा आला, जरा उतरलेल्या चेहऱ्याने. मामा गिऱ्हाइकांना पाटी वाचायला लावतात आणि म्हणतात, एवढं तर दिसतंय तुम्हाला, चष्मा कशाला घेता. काय करावं, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "आजच सांग, आणि त्यांच्याकडे बघून सांग." तो म्हणाला, बघतो, आधी दारात स्टूल ठेवून पाहतो.

आता राहता राहिले दातांचे डॉक्टर. त्यांनी आम्हाला एक शेवटची संधी दिली होती. ही जबाबदारी मी दांडीवाल्यावर सोपवली नाही. मालकाने स्वतः जायला हवं. मी मामांची टेप गळ्यात घालून दवाखान्यात गेलो, खुर्चीवर चढलो, वरून खालपर्यंत माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि जळक्या टोकाची आठवण ठेवून काळजीपूर्वक चार वजा केले. डॉक्टर बोलायला भले निघाले. त्यांच्या आईचे गुडघे दुखतात असं कळलं, मी त्यांना रबरी पिशवीचा उपाय सांगितला. परत येताना रस्ताभर मामांचीच आठवण येत होती. इतका साधा हिशोब त्या बिचाऱ्यांना कसा जमला नाही, असं वाटत होतं. दुकानात पाय ठेवताच, विसरायला नको म्हणून, आधी चार वजा केले आणि मग ताईंना आकडा सांगितला.

ताईंनी कापड पसरलं, मापाची खूण केली, पण कात्री लावली नाही. कपाटातून तो जुना पडदा काढला, परत आलेला, आखूड. घडी उलगडून नव्या खुणेवर आडवा टाकला. दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर बसली, एक दोराही इकडेतिकडे नाही.

मी टेपकडे बघितलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा नीट केला, सुई उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, "साहेब, उद्यापासून माप तुम्ही घ्यायचं नाही. मी जात जाईन."

"बरं," मी म्हणालो.

दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला होता.